अरुंधती उभी राहिली, मग मी का नाही?

प्रश्न: माझं वय ४७. लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचे ऑफिसातल्या एका बाईशी संबंध असल्याचं कळलं. दोन वर्षांपूर्वी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मी आणि मुलगी वेगळ्या फ्लॅटमध्ये राहतो, मुलगा त्याच्याकडे असतो. नोकरी आहे, पैशाची फार ओढाताण नाही. ‘आई कुठे काय करते!’ ही मालिका मी पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पाहिली, नवऱ्याने फसवलेल्या अरुंधतीची. बहीण, मैत्रिणी, अगदी सासूबाईसुद्धा म्हणतात, ‘अरुंधतीकडे बघ, कशी उभी राहिली!’ मी मात्र अजून रोज रात्री त्याचा डीपी बघते. सासूबाईंचे आठवड्यातून दोन-तीन फोन असतात आणि यंदा गौरींना ये म्हणून मागे लागल्यात. माझं काय चुकतंय? आणि ही मालिका परत परत बघून मी स्वतःचंच नुकसान करून घेतेय का?

उत्तर: काय चुकतंय, याचं उत्तर आधी देऊन टाकते: काही नाही. दोन वर्षांत तुम्ही घर बदललंत, कोर्टाच्या तारखा केल्यात, नोकरी टिकवलीत, मुलीला सांभाळलंत. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या उलथापालथींची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, त्याच्या खालोखाल घटस्फोटाला ७३ आणि विभक्त होण्याला ६५. यादी जुनी आहे, तिच्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेलेत, पण हा क्रम माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांना आजही पटतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात कायदा दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य कारण असेल तर तेही माफ होऊ शकतं. कागद इतक्या लवकर मोकळा होतो, म्हणून मनानेही तसंच व्हावं अशी आपली आणि आपल्या माणसांची अपेक्षा असते. मनाचं तसं नसतं.

आता मालिकेकडे येते, कारण तिला मी अजिबात हलकं समजत नाही. २०१९ च्या डिसेंबरात ती स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस संपली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तिच्यावरून आपली मराठी, आणि २०२० मध्ये आलेली हिंदी ‘अनुपमा’ त्याच घराण्यातली. तीन भाषांतल्या बायकांना ही गोष्ट आपल्याच घरातली वाटली, यातच बरंच काही आलं. माझ्या कामात तर तिचा सरळ उपयोग झाला. अनिरुद्ध म्हणजे अरुंधतीचा नवरा. ‘आमच्याकडचा अनिरुद्ध’ असं एखादी म्हणाली की पहिल्या भेटीतला अर्धा तास वाचतो. स्वतःबद्दल बोलायला जीभ रेटत नाही अशा बायका अरुंधतीबद्दल भरभरून बोलतात आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ‘ती’ची ‘मी’ होते. मी मध्ये टोकत नाही.

पण ‘अरुंधतीकडे बघ’ म्हणणारी माणसं तिच्यातलं नेमकं काय बघतात? घरातून बाहेर पडली, गायला लागली, कमावू लागली, आशुतोषसारखा दुसरा नवरा मिळाला. म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या पायऱ्या. मालिकेने खरोखर चांगलं दाखवलेलं काम या पायऱ्यांच्या खाली आहे आणि ते बघायला पहिल्या वर्षाचे भाग नीट आठवायला लागतात.

संजनाशी असलेलं अनिरुद्धचं प्रकरण उघड होण्याच्या खूप आधीपासून त्या घरात एक गोष्ट रोज चाललेली असते. अनिरुद्ध तिला तुच्छ लेखतो. तिचं इंग्रजी, तिचं राहणं, चार माणसांत तिचं बोलणं, सगळ्याची त्याला लाज वाटते. मुलंही नकळत तेच उचलतात. सासूबाई कांचनआईंना त्यात वावगं दिसत नाही. सासरे अप्पा तेवढे तिचं मोल जाणून असतात. म्हणजे अरुंधतीला दोन वेगळ्या गोष्टींतून सावरायचं असतं. एक फसवणूक, जी एका दिवशी कळली. दुसरी अवहेलना, जी पंचवीस वर्षं थेंब थेंब झिरपली. बायका माझ्याकडे येतात त्या पहिलीची तक्रार घेऊन. जास्त वेळ लागतो तो दुसरीला.

तुमच्या पत्रात या दुसरीबद्दल एक शब्द नाही, म्हणून विचारते. गाडी पार्किंगमध्ये घालताना, विम्याचा फॉर्म भरताना, मुलाला फोनवर काही ठामपणे सांगताना डोक्यात एखादा आवाज बोलतो का? ‘तुला जमणार आहे का?’ ‘राहू दे, मी बघतो.’ ‘तुझं डोकं तिथे चालायचं नाही.’ बोलत असेल तर तो आवाज कुणाचा, वाक्य कुणाचं आणि ते पहिल्यांदा कधी ऐकलं, हे एका वहीत लिहून ठेवा. वाक्य जसंच्या तसं लिहा, सभ्य करून नको. चार-पाच वाक्यं जमली की बहुतेक बायका चमकतात, कारण त्यातली एक-दोन नवऱ्याची नसतातच. ती वडिलांची असतात, शाळेतल्या बाईंची असतात, क्वचित आईची. मग कळतं की नवरा घरातून गेला तरी आपण त्याच जागी का बसलोय. लिहिण्याचा उपयोग होतो याला अभ्यासाचा आधार आहे. पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर लिहायला सांगितलं होतं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तुम्हीही चारच दिवस लिहा. महिनोन्‌महिने तेच तेच लिहीत बसणं हे उगाळणं, आणि उगाळण्याने माणूस खचतो.

दुसरी गोष्ट गाण्याची. अरुंधती गाण्याकडे परत गेली म्हणून ‘एखादा छंद लावून घे गं’ हा सल्ला तुम्हाला हजारदा मिळाला असेल. त्यावर माझा फारसा विश्वास नाही. घरी बसून एकटीने मंडला रंगवले तर वेळ जातो, इतकंच. गाण्याने अरुंधतीला जे दिलं त्याची कारणं वेगळी होती. गाणं लग्नाआधीचं होतं, म्हणजे त्यात अनिरुद्धचा संबंध नव्हता. ते घराबाहेर होतं. ठरलेल्या वेळी होतं. आणि तिथे तिची कुणीतरी वाट बघत होतं, तीही कुणाची आई किंवा कुणाची माजी बायको म्हणून नव्हे. या चार अटींत बसेल असं काहीही चालेल. पुण्यात पन्नाशीच्या बायका ढोलपथकात जातात, तालमीला दांडी मारली तर पथकातून फोन येतो. भजनी मंडळ चालेल, रविवारचा ट्रेकिंग ग्रुप चालेल, सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवणं चालेल. ‘उत्साह वाटला की जाईन’ म्हणालात तर जाणं होणार नाही. खचलेल्या मनात उत्साह आधी येत नाही, आधी जावं लागतं. पहिले काही आठवडे कंटाळा येईल. तो येणारच आहे असं धरून जा.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करते, कारण तो फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला दिसत नाही. थोरला अभिषेक पुढे बापाच्याच वाटेने जातो आणि अनघाला फसवतो. अरुंधती मुलाला पाठीशी घालत नाही, सुनेच्या बाजूने उभी राहते. मला विचाराल तर ती खरी सावरली हे तिथे दिसलं, आशुतोषशी लग्न झालं तेव्हा नव्हे. जे आपल्या वाट्याला आलं तेच दुसरीच्या वाट्याला येताना बघायचं, त्याने स्वतःचं सगळं पुन्हा वर येऊ द्यायचं, आणि तरी त्या क्षणी दुसरीचं काय हे आधी पाहायचं. हे करायला मनात बरीच जागा रिकामी झालेली असावी लागते.

इथेच मी बरं होण्याची माझी मोजपट्टी सांगते. त्याला माफ केलं का, त्याला पश्चात्ताप झाला का, त्या बाईबरोबर त्याचं पटतंय का, यातलं काहीही ती पट्टी नाही. तुमच्या दिवसातला किती भाग तो व्यापतो, एवढंच मी बघते. सहा महिन्यांपूर्वी सकाळी डोळे उघडल्याबरोबर तो आठवत होता आणि आता चहा होईपर्यंत आठवत नाही, तर तुम्ही बऱ्या होताय. तो राग आल्यामुळे आठवतो की प्रेमाने, याने फार फरक पडत नाही. माफीबद्दल विचारलंत तर ती तुमच्या मर्जीची गोष्ट. ‘माफ करून टाक, मोकळी हो’ असं नातेवाईक म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांनाच पुढच्या लग्नकार्यात तुम्हा दोघांना एकत्र बोलवायची सोय हवी असते.

मालिकेचं जिथे पटत नाही तेही सांगायला हवं. रोजच्या मालिकेला दर भागाच्या शेवटी पेच लागतो आणि दर आठवड्याला टीआरपी लागतो. अनिरुद्ध कायमचा बाजूला गेला तर मालिका चालणार कशी? म्हणून घटस्फोट झाला, त्याचं संजनाशी लग्न झालं, अरुंधतीचं आशुतोषशी झालं, तरी ‘समृद्धी’ या सासरच्या घरातला प्रत्येक गुंता सोडवायला अरुंधतीच. कुणाचं आजारपण, कुणाचं भांडण, कुणाचं लग्न मोडतंय, की आली ती धावत. लेखकांना दुसरा इलाज नव्हता हे मी समजू शकते. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी यातून असा अर्थ घेतला की चांगली बाई घटस्फोटानंतरही सासरचं सगळं निभावते. त्या निभावतात, आणि मग रात्री झोप का येत नाही म्हणून विचारायला येतात.

दुसरी अडचण ते मोठं भाषण. मालिकेत अरुंधती एकदा सगळं बोलून टाकते, पार्श्वसंगीत थांबतं, अनिरुद्ध मान खाली घालतो. तो प्रसंग आपल्याही वाट्याला यावा असं प्रत्येकीला वाटतं. आंघोळ करताना, बसमध्ये, भाजी निवडताना वाक्यं जुळवून तयार असतात. प्रत्यक्षात ते बोलल्यावर नवरा म्हणतो, ‘झालं तुझं?’ आणि मॅच लावतो. तुमचं बोलायचं राहून गेलं असेल तर ते कागदावर लिहा, बहिणीला ऐकवा, माझ्यासारखीला ऐकवा. त्याने ऐकलं तरच ते संपेल असं धरून बसलात, तर तुमचं बरं होणं पुन्हा त्याच्याच हातात गेलं.

आणि आशुतोष. कॉलेजपासून मनात प्रेम जपून ठेवलेला, समजूतदार, गाण्यातलं कळणारा माणूस सगळ्यांच्या नशिबी नसतो. मालिकेनेही त्याला पुढे अपघातात नेलंच, आणि अरुंधतीला पुन्हा पहिल्यापासून दुःखाला सामोरं जावं लागलं. ज्यांनी ‘आता तुला कुणीतरी आशुतोष शोधूया’ अशी थट्टा चालवलीय त्यांना हे आठवून द्या. दुसरं लग्न करू नका असं मी म्हणत नाही. ते जोडीदारासाठी करा. आधीच्याचा इलाज म्हणून केलं तर नव्या माणसाला फार महागात पडतं.

तुमच्या मनात कदाचित दुःखाच्या पाच पायऱ्या असतील, हल्ली सगळीकडे वाचायला मिळतात: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. घटस्फोटासाठी त्या नव्हत्याच, आणि कुणाचंही दुःख अशा ओळीने चालत नाही. त्यापेक्षा मला स्ट्रोब आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना कामाची वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकातला माणूस दोन कामांत ये-जा करतो. काही वेळ गेलेल्याचं दुःख करतो, काही वेळ नव्या आयुष्याची घडी बसवतो, गॅसचं बुकिंग, बँक, मुलांच्या फिया. हे येणं-जाणंच निरोगी. म्हणजे सोमवारी ऑफिसात छान प्रेझेंटेशन देऊन मंगळवारी रात्री रडलात तर मागे गेलात असं होत नाही. एकाच काठाला महिनोन्‌महिने बसून राहणं तेवढं वाईट, मग तो रडण्याचा काठ असो की कामात बुडून जाण्याचा.

घटस्फोटात आणखी एक अवघड गोष्ट असते. नवरा वारला असता तर तेरा दिवस झाले असते, माणसं भेटायला आली असती, वर्षश्राद्ध झालं असतं. इथे माणूस जिवंत आहे, भाच्याच्या मुंजीत समोरच्या पंगतीत बसलेला आहे, आणि तरी तुमच्यासाठी नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञांनी अशा धूसर गमावण्यावर १९७० च्या दशकापासून काम केलंय. त्यांचं म्हणणं, या दुःखाला शेवटची रेघ मिळत नाही म्हणून ते लांबतं, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

आता डीपी. हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रेमात नुकतंच नाकारलं गेलेल्या माणसांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. व्यसनातल्या तलफेशी संबंध असलेले भाग चाळवलेले दिसले. म्हणून ‘एवढी शिकलेली बाई असून तू’ असं स्वतःला ऐकवून हे सुटणार नाही. ‘आजपासून बघणार नाही’ अशी शपथही घेऊ नका, तिसऱ्या रात्री मोडेल आणि मग लाज वाटेल. आठवडाभर फक्त नोंद करा: किती वाजता बघितला, त्याआधी काय झालं होतं, बघून झाल्यावर काय केलं. माझा अंदाज असा की बहुतेक वेळा त्याआधी सासूबाईंचा फोन किंवा मुलाचा मेसेज असेल. तसं निघालं तर डीपीशी झटापट करण्याचं कारणच उरत नाही, फोनची व्यवस्था लावायची. त्याचा नंबर मुलीच्या मोबाईलवर ठेवा आणि तुमच्याकडून काढून टाका. मुलाच्या फी-परीक्षेचं जे काय असेल ते ईमेलवर. रात्री दहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. गजराला साधं घड्याळ आणा. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी निम्मं काम होतं.

सासूबाईंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी गाठ तिथे आहे असं मला वाटतं. तेवीस वर्षं त्या घरात वावरलात. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, गोड्या मसाल्याचं प्रमाण, पेन्शनची कागदपत्रं कुठल्या कपाटात, हे सगळं तुमच्या डोक्यात. त्या फोन करतात त्यात लबाडी असेलच असं नाही. त्यांचाही आधार गेलाय आणि मुलासमोर तसं म्हणता येत नाही. तुमचंही त्यांच्यावर प्रेम असेल. ते प्रेम तोडायला मी सांगत नाही. पण प्रत्येक फोनमध्ये त्या घराचं वारं तुमच्या फ्लॅटमध्ये येतं: तो आज उशिरा आला, तो नीट जेवत नाही, ती बाई आली होती. त्यानंतर तुम्हाला डीपी बघावासा वाटला तर नवल काय?

त्यांना असं सांगून बघा: ‘आई, तुमच्याशी बोलायला मला आवडतं. दर रविवारी सकाळी मीच फोन करीन. तुमच्या तब्येतीचं, आपल्या दोघींचं बोलू. त्याच्याबद्दल मात्र नको, मला त्रास होतो.’ मसाल्याचं प्रमाण आणि गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून मुलाबरोबर पाठवून द्या. पहिल्या दोन रविवारी त्या विसरतील, किंवा विसरल्यासारखं करतील. त्याचं नाव निघालं की, ‘आई, ते नको ना,’ एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा. ‘बदललीस गं तू’ असं कधीतरी ऐकायला मिळेल. त्यावर स्पष्टीकरण देऊ नका.

राहिला गौरींचा प्रश्न. तीन दिवसांचं काम असतं ते: आवाहनाच्या दिवशी मुखवटे काढून साड्या नेसवणं, पूजनाला पुरणावरणाचा स्वयंपाक, संध्याकाळचं हळदीकुंकू, मग विसर्जन. सासूबाई ‘ये’ म्हणतात म्हणजे नेमकं कशाला, हे त्यांना विचारा. साड्या नेसवायला आणि पुरण वाटायला बोलावत असतील तर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभर त्या ओट्यापाशी उभं राहून तुम्ही पुन्हा त्या घरची सून होणार आणि रात्री रिक्षाने एकट्या फ्लॅटवर येणार. त्या एका दिवसाची किंमत तुम्ही पुढचे काही आठवडे मोजाल. हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून जायचं असेल तर जा. मुलीला बरोबर न्या, अर्धा तास बसा, ओटी-प्रसाद घ्या, निघा. निघायची वेळ आधी सांगून ठेवा. तो त्या वेळी घरी असणार आहे का, ती बाई असणार आहे का, हे मुलाला विचारून घ्यायला लाजू नका. आणि एक कटू गोष्ट मनाशी धरून जा: एखादी बाई कुंकू लावताना तुमच्यापाशी बोट थांबवेल. असं झालं तर उत्तर तयार ठेवा, किंवा मुलीला सांगून ठेवा. माझ्या एका क्लायंटच्या मुलीने करंडा स्वतःच हातात घेतला आणि आईला कुंकू लावलं. कुणी काही बोललं नाही.

तिसरा पर्याय कुणी तुम्हाला सुचवलेला नसेल. स्वतःच्या घरी गौरी आणा. ‘त्या घराण्याच्या असतात, अशा वेगळ्या आणता येत नाहीत’ असं नातेवाइकांतलं कुणीतरी म्हणेलच. मुखवट्यांचं अवडंबर नको असेल तर कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून खड्याच्या गौरी आणतात, तशा आणा. मैत्रिणींना बोलवा. यात देवाधर्माचा भाग किती मानायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातलं एवढंच दिसतं की त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ‘तिथे आता काय चाललं असेल’ याचा विचार करत बसणार नाही, कारण तुमच्या दारात चपला असतील.

मुलांचं थोडक्यात. मालिकेतला यश आईच्या बाजूने होता आणि ईशा दीर्घकाळ बापाची. तुमच्याकडे मुलगा तिकडे आहे म्हणून त्याने तुम्हाला नाकारलं असा अर्थ काढू नका. मुलांना बाजू निवडायला लावलं की ती ज्याच्यावर कमी विश्वास आहे त्याच्याकडे जाऊन राहतात, सोडून जाईल या भीतीने. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. तो येईल तेव्हा वडिलांची चौकशी नको, जेवायला घाला, त्याचं ऐका.

एक वैद्यकीय सूचना, आणि ती टाळू नका. सत्तेचाळीसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल सुरू असतात. झोप उडणं, चिडचिड, छातीत धडधड, उगाच रडू येणं यातलं बरंच त्यामुळेही होऊ शकतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. तपासण्या ठीक निघाल्या आणि तरीही सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर सायकिॲट्रिस्टना भेटा. समुपदेशक गोळ्या देऊ शकत नाही, आणि कधी कधी गोळ्यांची गरज असते. रात्री-अपरात्री फार वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

शेवटचा प्रश्न मालिका परत बघण्याचा. बघा की. फक्त रात्री अंथरुणात मोबाईलवर, एकटीने, एका मागोमाग सहा भाग असं नको. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांपासून लांब राहा, त्यात नेमके ओरडण्याचे आणि कानाखाली वाजवण्याचेच प्रसंग कापून ठेवलेले असतात, मधला सगळा काळ गाळून. तुम्हाला बघायचेच असतील तर ती एकटी राहायला लागल्यानंतरचे भाग संध्याकाळी मुलीबरोबर बसून बघा. मुलीला त्यातलं काय पटतं आणि काय अजिबात पटत नाही, ते विचारा. तिने या दोन वर्षांत काय पाहिलं, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.